खंडेनवमीच्या दिवशी जीपची जादा टाकी

पेट्रोलची टाकी गळू लागली की माणसाला आधी संशय येतो आणि मग वास. निदान माझं तसं झालं. तुम्ही फोनवर विचारलंत, आजी, तू खरंच जीप चालवायचीस का, आणि वाटेत बिघडली तर काय करायचीस? पहिल्या प्रश्नाचं उत्तर हो. दुसऱ्याचं फोनवर मावणारं नाही, म्हणून लिहून पाठवते. क्रमाने लिहिते, म्हणजे मध्येच काही विचारावं लागणार नाही.

बहात्तर सालचा दुष्काळ होता. आम्ही नगरला लागून असलेल्या भिंगारमध्ये राहत होतो. तुमचे आजोबा छावणीच्या कचेरीत नोकरीला होते. मी तिशी नुकतीच ओलांडलेली, इंग्रजी घेऊन बी.ए. झालेली, आणि घरचं आवरून रोज चार-पाच तास एका मदत समितीचं काम करणारी. जिल्ह्याच्या दक्षिणेला, मिरजगावच्याही पुढे, सरकारने खडी फोडायची कामं काढली होती. एरवी दसरा झाला की ऊसतोडीला बाहेर पडणारी कुटुंबं त्या वर्षी आधीच खडीवर येऊन बसली होती. आईबाप उन्हात दगड फोडत आणि लहान मुलं तट्ट्याच्या छपराखाली दिवस काढत. त्या मुलांना आमची समिती सुकडी पुरवायची. सुकडी म्हणजे भाजलेलं पीठ, गूळ आणि तेल एकत्र करून केलेला कोरडा खाऊ. मूठभर खाल्ला आणि वर पाणी प्यायलं की मूल दोन-तीन तास रडत नाही.

अशी तीन केंद्रं माझ्याकडे होती आणि आठवड्याला एक खेप. शेवटचं केंद्र सगळ्यांत लांब, दोन ओढे ओलांडून माळावर. समितीतल्या काही जणांच्या मते तेवढ्या लांब जीप पाठवणं परवडत नव्हतं, आणि ती चालवायला बाई पाठवणं त्याहून परवडत नव्हतं. शेवटी बैठकीत ठरलं की एखाद्या केंद्राच्या दोन खेपा चुकल्या तर ते केंद्र बंद करायचं आणि तिथल्या मुलांनी अलीकडच्या केंद्रावर जायचं. अलीकडचं केंद्र तिथून दीड-दोन तासांच्या चालीवर होतं. ज्या मुलांना नीट चालता येत नव्हतं त्यांनी तिथे कसं जायचं, हे मी बैठकीत विचारलं. उत्तर आलं नाही, पण नियम मात्र झाला. आणि त्या केंद्राची एक खेप माझ्या हातून चुकलेली होती.

ती कशी चुकली ते सांगण्याआधी जीप सांगते. ती दुसऱ्या महायुद्धाच्या काळातली, लष्कराने लिलावात काढलेली होती. चालवायचं चाक डाव्या बाजूला, दारं नाहीत, छत कापडी. मूळ टाकी चालवणाऱ्याच्या बैठकीखाली. माळावर आणि ओढ्यात जीप इतकं पेट्रोल पिई, की त्या टाकीवर शेवटच्या केंद्रापर्यंतही पोचणं होत नसे. मिरजगावनंतर पंप नव्हता, आणि मिरजगावच्या पंपावरही त्या दिवसांत भरवसा ठेवता येत नव्हता. म्हणून शेजारच्या बैठकीखाली एक जादा टाकी बसवून घेतली होती, तीन घागरी पाणी मावेल एवढी. समोर पायाजवळ एक तोटी होती. ती इकडून तिकडे फिरवली की इंजिन एका टाकीचं सोडून दुसऱ्या टाकीचं पिऊ लागे. डब्यातून पेट्रोल का नेलं नाही, असं तुम्ही विचाराल. कारण मागे सुकडीची पोती असत. एकदा डबा सांडून दोन पोती वाया गेली होती, आणि खाण्याबरोबर पेट्रोलचा डबा न्यायचा नाही हा नियम मी स्वतः केला होता. आपला नियम आपणच मोडला की मग दुसऱ्याला काही सांगायची सोय राहत नाही.

तर ती चुकलेली खेप. दोन ओढ्यांपैकी पहिल्यात मूळ टाकी संपत आली, मी तोटी फिरवली, आणि जीप चार फर्लांग जाऊन थांबली. जादा टाकीत जवळजवळ काही नव्हतं. आठवड्यापूर्वी मी स्वतः लाकडी पट्टी बुडवून पाहिली होती, तेव्हा ती अर्ध्याच्या वर भरलेली होती. शेवटी बैलगाडीला बांधून जीप मागे आणावी लागली. त्या दिवसापासून मी रोज सकाळी पट्टी बुडवू लागले. दिवसागणिक बोटभर पेट्रोल कमी! जीप समितीच्या गोदामाच्या आवारात उभी असे आणि रात्री तिथे एकच माणूस असे, तो म्हणजे आमचा पहारेकरी. मी त्याच्यावर आरोप केला नाही. एवढंच केलं की टाकीच्या झाकणावर लाख वितळवून लावली आणि तीवर माझ्या अंगठीचा शिक्का मारला. त्याच्यासमोर मारला. आता लिहिताना वाटतं, आरोप केला असता तर बरं, निदान त्याला उत्तर देता आलं असतं.

तसं उत्तर त्याने दिलंच. तो म्हणाला, "बाई, म्या पेट्रोल चोरून पीत आसतो, तर येवड्या बिड्यांनी आतापतूर कवाच पेटलो आसतो."

मी म्हणाले, "मी तुमचं नाव घेतलं का?"

"न्हाई घेतलं. लाख घेतली," तो म्हणाला आणि काठी टेकत फाटकाकडे गेला.

खंडेनवमीच्या सकाळी मी पोती भरायला गोदामात गेले. खेप दुसऱ्या दिवशी, म्हणजे ऐन दसऱ्याला होती. कामाला सुट्टी होती, पण पोटाला नव्हती. शिक्का जसाच्या तसा होता. तो फोडून पट्टी बुडवली, तर पेट्रोल पुन्हा बोटभर खाली. आता मात्र मी बैठक पूर्ण उचलून काढली. टाकी खडखड वाजू नये म्हणून मीच तिच्याखाली गोणपाटाची चौपदरी घडी घालून ठेवली होती. त्या घडीला हात लावला, तर ती ओली होती. पेट्रोल खाली टपकत नव्हतं, गोणपाट ते पिऊन टाकत होतं आणि उरलेलं वाऱ्यावर जात होतं. जुन्या जीपला पेट्रोलचा वास येतोच, असं धरून मी इतके दिवस नाक बंद करून बसले होते.

मी पहारेकऱ्याला हाक मारली आणि घडी त्याच्या हातात दिली. त्याने ती हुंगली आणि माझ्याकडे पाहिलं.

"चोर हा आहे. चूक माझी," मी म्हणाले आणि त्याच्यादेखत चाकूने उरलेली लाख खरवडून काढली.

"काढा, काढा," तो म्हणाला. "शिक्का मातुर झ्याक उठला हुता."

माझ्याकडे जीपचं इंग्रजी पुस्तक होतं. त्यात लिहिलं होतं की तात्पुरता उपाय म्हणून गळतीवर साबण दाबून बसवावा. पेट्रोलमध्ये साबण विरघळत नाही. मी धुण्याच्या साबणाचा गोळा मळून टाकीच्या कडेला, जिथे ओल दिसत होती तिथे, दाबला. ओल थांबली. पण माळावरचे दगड आणि दोन ओढे त्या साबणाला टिकू देणार नाहीत, हे कळायला पुस्तक लागत नव्हतं. मी पेट्रोल एका डब्यात काढून घेतलं, पहारेकऱ्याच्या मदतीने चार बोल्ट खोलले, टाकी मोकळी केली, डब्यासकट टांग्यात घातली आणि दुरुस्तीला निघाले.

त्या दिवशी गॅरेजं बंद. पाने, हातोड्या, जॅक सगळं धुऊन पुसून पाटावर मांडलेलं, त्यावर झेंडू आणि हळदकुंकू. खंडेनवमीला हत्यारांची पूजा करतात हे तुम्हांला माहीत असेल. पूजेला बसलेलं हत्यार दसऱ्याला पूजा उतरेपर्यंत कुणी उचलत नाही. एक वेल्डिंगवाला तेवढा उघडा होता. त्याने टाकीचं झाकण काढून नुसता वास घेतला आणि म्हणाला, "बाईसाहेब, ह्याला ज्योत लावली तर टाकी इथं आणि मी छावणीच्या पलीकडं. माझी बायको तुम्हांला शिव्या देईल." तो शहाणा माणूस होता. मी त्याचे आभार मानले.

राहिला तो ज्याने ही टाकी बनवली होती तो कारागीर. भिंगारच्या जुन्या बाजारात त्याचं घर आणि पुढे पडवीत दुकान. बादल्या, डबे, कंदिलाच्या टाक्या आणि गळकी पिंपं ही त्याची कामं. सगळे त्याला काका म्हणत, मीही. तो साठीचा असेल. पडवीत त्याची हत्यारंही पाटावर मांडलेली होती आणि तो स्वच्छ धोतर नेसून हात मागे बांधून बसला होता, जणू हातांनाच बजावून ठेवलं होतं.

"आज न्हाई बाई," टांग्यातली टाकी पाहताच तो म्हणाला. "हत्यारं बसलीत."

"उद्या?"

"उद्या दुपारी पूजा उतरंल. सोनं लुटून आलो की मंग."

"उद्या दुपारी मला मिरजगावच्या पुढे असायचं आहे, काका."

"मंग परवा."

मी त्याला नियम सांगितला. एक खेप चुकलेली आहे, दुसरी चुकली की केंद्र बंद. किती मुलं आहेत, त्यांतली किती चालतात आणि किती कडेवर आहेत, तेही सांगितलं. त्याने सगळं ऐकून घेतलं.

"लेकरांचं मला कळतं," तो म्हणाला. "पन म्या आज हत्यार उचललं तर वरीसभर माझा एक बी जोड धरायचा न्हाई. आमच्या बापाचं हेच हुतं, आन् त्याच्या बापाचं."

मी वाद घातला नाही. त्याची श्रद्धा खोडून काढायला मी गेलेच नव्हते, टाकी बुजवायला गेले होते.

"तुम्ही हात लावू नका. मला नुसतं सांगा. हात मी लावते," मी म्हणाले.

तो हसला. "बाई, डाग देनं म्हंजे पोळी लाटनं न्हवं."

आतून त्याच्या बायकोचा आवाज आला, "पोळी लाटनं तरी तुमाला कुटं येतं?"

काकू बाहेर आल्या. त्यांनी टाकी पाहिली, मला पाहिलं, नवऱ्याला पाहिलं आणि उंबऱ्यावर बसल्या. काका आता टाकीजवळ वाकला, हात मागेच ठेवून. पत्र्याला हात न लावता त्याने ती चारी बाजूंनी न्याहाळली. त्याला माझ्या खेपेपेक्षा एका गोष्टीची जास्त काळजी होती हे मला दिसत होतं. स्वतःचा जोड उसवला की काय, याची.

"जोड शाबूत हाय," तो शेवटी म्हणाला आणि ताठ उभा राहिला. "जोडाच्या बाजूला पत्रा खाल्लाय. ह्याच्याखाली काय घालता?"

"गोणपाट. खडखड वाजू नये म्हणून."

"आन् जीप धुता?"

"दर शनिवारी."

"झालं तर! पानी गोनपाटात मुरलं आन् पत्र्याला गंज. बाई, तुमी टाकीला अंगडं घातलं, आन् त्या अंगड्यानंच तिला खाल्लं." मग साबणाकडे पाहून म्हणाला, "ह्यो चिकटा कुनी लावला?"

"मी. पुस्तकात लिहिलं होतं."

"पुस्तकाला म्हनावं, आता ह्यो खरडून काढ. साबनावर कथील धरत न्हाई."

म्हणजे सांगायला तो तयार झाला होता. पण हत्यार कुठलं? डाग द्यायला तांब्याच्या जाड ठोकळ्याची डागणी लागते. ती निखाऱ्यात तापवायची आणि तिने कथील वितळवून जोडात उतरवायचं. त्याच्या तिन्ही डागण्या झेंडू लेवून पाटावर होत्या. मी माझी इस्त्री आणायचं सुचवलं, तेव्हा दोघंही नवराबायको एकदमच हसले. मग काकू उठून आत गेल्या आणि सळईवर ठोकून बसवलेला तांब्याचा एक कोरा ठोकळा घेऊन आल्या.

"ही?" त्यांनी विचारलं.

"ती नवी हाय. मूठ बसवायची हाय अजून."

"मंग पुजेला का न्हाई मांडली?"

"मूठ न्हाई, एक काम केलेलं न्हाई. ते हत्यार कुटं हाय अजून? नुसतं तांबं."

"तुमीच म्हनला," काकू म्हणाल्या आणि ते तांबं माझ्या हातात दिलं.

काकाने त्या तांब्याकडे पाहिलं. स्वतःच्याच तोंडून निघालं होतं, त्यामुळे खोडायला जागा नव्हती. मग म्हणाला, "पन भट्टी इझलेली हाय. ती मी पेटवनार न्हाई."

"शेगडी माझी हाय," काकू म्हणाल्या. "तुमच्या हत्यारांना आज सुट्टी. माझ्या शेगडीला कवा दिलीया सुट्टी?"

आता पाणी. ही गोष्ट नीट वाचा, कारण यातच जीव होता. रिकामी दिसणारी पेट्रोलची टाकी भरलेल्या टाकीहून वाईट. आत वाफ असते आणि तिला ठिणगी पुरते. काकाची रीत अशी होती की आधी सोडा घातलेल्या कढत पाण्याने टाकी दोनदा खंगाळायची, मग उलटी केल्यावर पाणी गळतीच्या दोन बोटं खाली राहील इतकी ती भरायची, झाकण घट्ट लावायचं आणि गळती वर येईल अशी उपडी ठेवायची. आत पाणी असलं की वाफेला राहायला जागा नाही. अगदी वरपर्यंत मात्र भरायची नाही, नाहीतर पाणी डागणीची ऊब ओढून घेतं आणि कथील धरत नाही. रीत चोख होती. पण सगळं धरून पाच-सहा घागरी पाणी लागणार, आणि त्या दिवसांत भिंगारमध्ये नळाला एक दिवसाआड चार घागरी आल्या तरी लोक खूश असत. काकूंच्या घरून मी ते मागणं शक्यच नव्हतं.

आमच्या घरी मात्र मी तीन पिंपं ठेवली होती आणि प्रत्येकावर खडूने लिहिलं होतं: प्यायचं, वापरायचं, वापरलेलं. तिसऱ्यात भाज्या, तांदूळ आणि कपडे धुतलेलं पाणी जाई, आणि ते आमच्या चाळीतल्या चार बिऱ्हाडांच्या संडासाला पुरवायचं असे. आजोबा त्या तीन पिंपांची खूप थट्टा करत. त्या दिवशी मी टांगा परत पाठवला आणि आजोबांना चिठ्ठी दिली की तिसरं पिंप जसं आहे तसं पाठवा, आणि शेजाऱ्यांना सांगा की उद्याचा दिवस भागवून घ्या. पिंप आलं. सोबत त्यांची चिठ्ठीही आली, की शेजारी भागवतील, पण सणाच्या दिवशी आपल्याबद्दल काय बोलतील ते मी इथे लिहीत नाही.

बाकी काम दुपारभर चाललं. साबण खरवडला. गंज विटेच्या तुकड्याने घासला, कारण कानस पूजेत होती. पत्रा चकाकेपर्यंत काकाने मला सोडलं नाही. टाकी खंगाळली, भरली, उपडी केली. शेगडी काकूंनी अंगणाच्या दुसऱ्या टोकाला, वाऱ्याच्या खालच्या बाजूला ठेवली, आणि तापलेलं तांबं घेऊन मी प्रत्येक वेळी तिथून इथवर चालत येत होते. सळईला मूठ नव्हती म्हणून ओलं फडकं गुंडाळलं होतं.

"पळू नका," काका ओरडे. "आन् रमत बी येऊ नका."

पहिला डाग मी अगदी नीट दिला. सरळ, बारीक, शिवणीसारखा. मला तो फार आवडला. काका वाकून पाहत राहिला.

"दिसतंय झ्याक," तो म्हणाला. "नखानं उचला बरं."

मी नख लावलं आणि कथलाची ती सरळ पट्टी पापुद्र्यासारखी हातात आली. खाली पत्रा कोरडाच होता.

"थंड डाग," तो म्हणाला. "तुमी कथील पत्र्यावर ठिवलं. ठिवायचं न्हाई, पाजायचं. आदी पत्रा तापू द्या. तांबं टेकवून दम धरा. पत्र्यालाच तहान लागली की कथील आपसूक आत पळतंय."

दुसऱ्यांदा तांबं टेकवलं. हाताला फडक्यातून चटका बसत होता. दम धरला. कथलाचा थेंब गोल होता तो एकाएकी सपाट झाला आणि गंजाने केलेल्या बारीक भोकांच्या रांगेवरून पुढे सरकला. त्याच क्षणी काकाचा उजवा हात मागून सुटून पुढे आला.

"हात मागं!" काकू उंबऱ्यावरून म्हणाल्या.

"काय केलं न्हाई मी."

"केलं न्हाई, करनार हुता. हात मागं."

त्याने हात परत मागे बांधले. त्याला किती जड गेलं असेल ते मला आज कळतं. आपल्याच हातच्या वस्तूवर दुसऱ्याचा कच्चा हात फिरताना बघत उभं राहायचं, आणि तेही शांतपणे सांगत. तो चिडला नाही. चार वेळा मी शेगडीपर्यंत गेले आणि आले. झाल्यावर ती कड दिसायला मुळीच चांगली नव्हती. वाळलेल्या चिखलासारखे उंचवटे. पण नखाने उचलेना.

पाणी पिंपात परत ओतून टाकी वाळवल्यावर एकच प्रश्न राहिला. गळतं की नाही हे बघायचं कसं? पुन्हा पाणी भरून काही कळलं नसतं. जिथून पाणी झिरपत नाही तिथून पेट्रोल झिरपतं. काका सांगायला लागला की तो खडूची पूड कालवून लावतो, आणि काकूंनी विचारलं, "रांगोळी चालंल?" रांगोळी पाण्यात कालवून आम्ही ती कडेवर लिंपली आणि उन्हात वाळवली. मग टाकी सरळ ठेवून आत पेट्रोल ओतलं. जिथे झिरपेल तिथे पांढऱ्यावर काळपट डाग उमटणार. आम्ही तिघंही तिच्यासमोर उकिडवी बसलो. पहिल्या पंधरा मिनिटांत एका टोकाला मोहरीएवढा ठिपका उमटला.

म्हणजे आता पुन्हा पेट्रोल काढणं, पुन्हा खंगाळणं, पुन्हा भरणं. पिंपात जेमतेम दोन-तीन घागरी पाणी उरलं होतं आणि उन्हं कलली होती. काकाने माझ्याकडे पाहिलं.

"ठेवावं का असंच?" त्याने विचारलं. मला वाटतं, मी काय म्हणते ते त्याला बघायचं होतं.

"नाही," मी म्हणाले. "ठेवायचं असतं तर साबण काय वाईट होता?"

त्यावर तो पहिल्यांदा मोकळा हसला. उरलेल्या पाण्यात काकूंनी आपल्या घरचं अर्धी घागर पाणी न विचारता ओतलं. मी तो ठिपका पुन्हा घासला आणि पुन्हा डाग दिला. दुसऱ्या वेळी रांगोळी दिवेलागणीपर्यंत पांढरी राहिली. काकाने मान हलवली, आणि मी टाकी जीपमध्ये बसवायला घेऊन गेले. या वेळी खाली गोणपाट नव्हतं. काकूंनी जुन्या टायरच्या चार पट्ट्या दिल्या होत्या. रबर पाणी धरत नाही.

दसऱ्याला पहाटे निघाले. शेजारी पहारेकरी बसला होता, कारण ओढ्यात ढकलायला एक माणूस लागे आणि टाकीवर बसून जायचं त्यानेच मागून घेतलं. "म्या वरच बसतो," तो म्हणाला, "म्हंजे पुन्यांदा माझं नाव नगं." मिरजगाव मागे पडलं, पहिलं केंद्र झालं, दुसरं झालं. पहिल्या ओढ्यात मी तोटी फिरवली. इंजिन एकदा अडखळलं आणि मग जादा टाकीवर चालू लागलं. पहारेकऱ्याने वाकून बैठकीखाली हात फिरवला आणि तो हात माझ्यासमोर धरला. कोरडा.

शेवटच्या केंद्रावर पोचायला दुपार कलली. छपराखाली मुलं सांभाळणारी मावशी होती, स्वतः खडीवरचीच, दगडाने बोट चेचल्यापासून तिला हे काम दिलं होतं. तिने पातेली आणि परात पोत्यात भरून तोंड बांधून ठेवलं होतं. मागच्या खेपेला जीप आली नाही, आज सणाचं कोण येतंय, असं म्हणून मुकादमाने तिला सकाळीच सांगितलं होतं की उद्यापासून अलीकडच्या केंद्रावर जायचं. दोन आया तर आपली चालती मुलं घेऊन आधीच तिकडे निघून गेल्या होत्या. उरली होती ती बहुतेक कडेवरची.

"लई उशीर केला बाई," मावशी म्हणाली. तिने मला उतरूही दिलं नव्हतं.

"आले ना?"

"आल्या म्हनून बोलते. आल्याच नसत्या तर मी कुनाला बोलनार हुते?"

मी मुकादमाकडे गेले, हजेरीचं पुस्तक मागितलं आणि त्या दिवसाच्या तारखेसमोर खेप पोचल्याची सही केली. त्यालाही करायला लावली. तो म्हणाला, उद्या करतो, आज सण आहे. मी म्हणाले, आज करा, मी थांबते. त्याने केली. माळाच्या कडेला त्या दोन आया अजून दिसत होत्या. पहारेकऱ्याने जीपचा भोंगा दाबून धरला, तेव्हा त्या थांबल्या, वळल्या आणि बऱ्याच वेळाने परत फिरल्या.

तोवर मावशीने पोत्याचं तोंड सोडलं होतं. परात झटकली, पदराने पुसली, आणि पहिल्या मुलाच्या दोन्ही तळव्यांत सुकडी घालता घालता मला म्हणाली, "उभ्या काय? त्या पलीकडच्या रांगेला तुमी वाढा."